तुमच्या हिरव्या रकान्याबद्दल : ठाणे-नवी मुंबईतल्या परदेशी शिक्षण सल्लागारांना खुलं पत्र

नौपाडा, ठाणे (पश्चिम)

सल्लागार मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला होता आणि मी मानपाड्याला भावाकडे मुक्कामाला होते. पहाटे साडेचारला भाचीच्या खोलीतला दिवा लागला, पाठोपाठ वहिनी उठली, मग दादा. अमेरिकेतले निकाल आपल्याकडे असेच अवेळी लागतात. पाच मिनिटांनी भाची बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, हिरव्यातलं गेलं."

हिरव्यातलं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकीच एका कार्यालयानं तिला एक्सेलची यादी करून दिली होती. चौदा विद्यापीठं, प्रत्येकासमोर 'अ‍ॅक्सेप्टन्स रेट' नावाचा एकच रकाना आणि त्या आकड्यावरून रंगवलेल्या ओळी. पाच टक्क्यांच्या आतबाहेरची लाल, म्हणजे 'ड्रीम'. पंधरा-वीसवाली पिवळी, 'टार्गेट'. चाळीसच्या पुढची हिरवी, 'सेफ'. हिरव्यात दोन होती आणि दोन्ही तिथली सरकारी विद्यापीठं. तिनं दोन्हीकडे कम्प्युटर सायन्सला अर्ज केला होता. एक आधीच गेलं होतं, दुसरं त्या पहाटे गेलं. पिवळ्यातलं एक खासगी मात्र लागलं.

दादा त्या कार्यालयात विचारायला गेला, तर उत्तर मिळालं, "या वर्षी कॉम्पिटिशन फार होती सर." हे वाक्य दर वर्षी खरंच असतं, म्हणून ते कुणाला खोडता येत नाही. नकाराबद्दल माझी तक्रार नाही. अर्ज केला की नकार येणारच. माझी तक्रार त्या एका रकान्याबद्दल आहे, आणि ती करायचा मला थोडा अधिकार आहे, कारण तीस वर्षं मी बारावीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवलं.

टक्का म्हणजे शेवटी अपूर्णांकच. वर अंश, खाली छेद. वर्षाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एक आडवी रेघ मारायचे आणि विचारायचे, रेघेखाली कोण उभं आहे? मुलं हसायची. पण पुढे वर्षभर चुका तिथेच व्हायच्या.

आपल्या पवईचंच घ्या. आयआयटीचा अ‍ॅक्सेप्टन्स रेट किती? २०२४ साली २३ आयआयटींत मिळून १७,७४० जागा होत्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिलेली मुलं होती १,८०,२००. म्हणजे दहातलं एक. पण अ‍ॅडव्हान्स्डला कोण बसतं? जेईई मेनमधून वर आलेली अडीच लाख मुलंच त्याला पात्र ठरतात, आणि मेनला बसलेली होती सुमारे १४ लाख. छेदात त्यांना धरलं तर दर सव्वा टक्क्यावर येतो. आयआयटी तीच, जागा त्याच. एक आकडा दुसऱ्याच्या आठपट, आणि दोन्ही खरे. आता लॉस एंजेलिसच्या यूसीएलएचा दर ९ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ते 'आयआयटीइतकंच अवघड' असं तुमच्यातल्या एकानं सोसायटीच्या हॉलमधल्या सेमिनारमध्ये सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर होते. यूसीएलएला वर्षाला १ लाख ४५ हजारांवर अर्ज येतात आणि त्यांच्या दारात मेनसारखी गाळणी बसवलेली नसते. शाळेतल्या गुणांची एक किमान अट, अर्जाची फी, झालं. तुलना करायची तर आधी छेद सारखे करायला नकोत का?

त्याहून मोठी गडबड 'सरकारी' या शब्दानं केली आहे. तुम्ही 'पब्लिक युनिव्हर्सिटी' म्हणता, आमच्या कानाला 'सरकारी' ऐकू येतं, आणि ठाण्यातल्या माणसाच्या मनात सरकारी कॉलेजचं एक पक्कं चित्र आहे. एमबीबीएसला सरकारी जागा म्हणजे अवघड आणि स्वस्त, खासगी म्हणजे गुण थोडे कमी चालतील पण घर गहाण पडेल. इंजिनिअरिंगला व्हीजेटीआय मिळालं तर पेढे, नाहीतर कॅप राउंड संपल्यावर मॅनेजमेंट कोट्याची चौकशी. आपल्याकडे गुणवत्ता सरकारी दारातून आत जाते आणि पैसा खासगी दारातून, हे आम्ही शाळेपासून शिकतो. हेच डोक्यात ठेवून अमेरिकेची यादी उघडली की माणूस चक्रावतो. तिथे सगळ्यात वरची लाल ओळ खासगी. हार्वर्डनं २०२४ साली ५४,००८ अर्जांतून १,९३७ मुलांना बोलावलं, म्हणजे ३.६ टक्के. स्टॅनफर्ड त्याच घरातलं. बर्कली हे जगातलं नावाजलेलं सरकारी विद्यापीठ, पण त्याचा दर ११-१२ टक्के. मग दादासारखा माणूस निष्कर्ष काढतो की तिथे खासगी अवघड आणि सरकारी सोपं. तुमच्या रंगांनी त्या निष्कर्षावर शिक्का मारला.

आता जरा हा ३.६ आणि ११ मधला फरक उलगडून बघू या, कारण मजा इथेच आहे.

हार्वर्डचा पहिल्या वर्षाचा वर्ग साधारण १,६५० मुलांचा. बोलावलेल्यांपैकी शंभरातली चौऱ्याऐंशीच्या आसपास मुलं तिथेच जातात, त्यामुळे १,९३७ पत्रं पाठवली की वर्ग भरतो. बर्कलीनं बोलावलेल्यांतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीकडे जातात. म्हणून बर्कलीला एका खुर्चीसाठी दोनाहून जास्त पत्रं पाठवावी लागतात. समजा हार्वर्डचीही शंभरातली पंचेचाळीसच मुलं टिकली असती, तर तोच वर्ग भरायला त्यांना ३,६०० च्या वर पत्रं पाठवावी लागली असती आणि दर पावणेसात टक्क्यांवर गेला असता. अर्जदार तेच, हुशारी तीच, निवडणारे तेच. लग्नाच्या पत्रिका वाटणाऱ्या कुठल्याही घराला हे गणित कळतं : कोण नक्की येणार हे माहीत असेल तर पत्रिका कमी छापाव्या लागतात.

आणि कोण नक्की येणार, हे आधीच लिहून घ्यायची सोय खासगी विद्यापीठांनी करून ठेवली आहे. 'अर्ली डिसिजन' म्हणजे नोव्हेंबरात अर्ज करायचा आणि लागलं तर येईनच असं वचन द्यायचं. ब्राउन विद्यापीठानं २०२४ च्या बॅचसाठी या वाटेनं आलेल्यांतले १४ टक्के घेतले. एकूण दर होता ५ टक्क्यांच्या जरा वर. वजाबाकी करून नेहमीच्या फेरीचा दर काढला तर तो ४ टक्क्यांच्याही खाली येतो. (या १४ टक्क्यांत विद्यापीठानं आधीच हेरलेले खेळाडूही असतात, म्हणजे आपल्या मुलासाठी तो आकडाही पूर्ण खरा नाही.) एका विद्यापीठाचे तीन दर झाले. तुमच्या यादीत मधला तेवढा होता. ज्या घराला स्कॉलरशिपची पत्रं समोर मांडून तुलना करायची आहे, त्यानं आधीच वचन देऊन कसं चालेल, हेही त्या यादीत नव्हतं.

शिकागो विद्यापीठाची गोष्ट तर मी वर्गात सांगितली असती. वीस वर्षांपूर्वी तिथला दर चाळिशीच्या घरात होता. आज पाच टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात त्यांनी अनेक विद्यापीठांना एकच अर्ज चालतो तो 'कॉमन अ‍ॅप' स्वीकारला, देशभर पत्रकं पाठवली, पुढे अर्ली डिसिजनही आणलं. विद्यापीठ तेव्हाही उत्तमच होतं. दाराशी गर्दी वाढवली की दार अरुंद दिसायला लागतं, एवढाच त्याचा अर्थ. आकडेच फिरवायची गोष्ट काढायची तर २०२२ साली कोलंबिया विद्यापीठातल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकानं आपल्या विद्यापीठानं रँकिंगला पुरवलेली माहिती तपासून तिच्यावर जाहीर प्रश्न उभे केले आणि कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. गणिताच्या मास्तरांचा मला अशा वेळी फार अभिमान वाटतो.

आता छेदातल्या रांगेकडे वळू. रेघेखाली सगळे एकाच रांगेत उभे असतात, असं आपण धरून चालतो. हार्वर्डवर त्यांच्या प्रवेशपद्धतीवरून जो मोठा खटला चालला, ज्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये दिला, त्यात आतली आकडेवारी बाहेर आली. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांशी संबंधित डीनच्या यादीतली मुलं आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, हे सगळे मिळून अर्जदारांत पाच टक्क्यांहून कमी होते आणि प्रवेश मिळालेल्यांत तीस टक्क्यांच्या आसपास. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांतली जवळपास तिसरा हिस्सा मुलं आत जात होती, इतरांतली शंभरात सहा. ते प्रमाण आजही तसंच आहे असं धरून २०२४ च्या आकड्यांवर हिशेब केला, तर कुणीही ओळखीचं नसलेल्या मुलासाठी हार्वर्डचा दर ३.६ नाही, २.६ च्या जवळ येतो. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. तिथे त्याला छान नाव आहे आणि तो नियमाप्रमाणे चालतो. सगळ्यांकडे चालतो असं मात्र नाही. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना वेगळी वागणूक देत नाही. कॅलिफोर्नियानं तर सप्टेंबर २०२४ मध्ये कायदाच करून आपल्या राज्यातल्या खासगी विद्यापीठांना ही सवलत देण्यास मनाई केली.

सरकारी विद्यापीठांतही दुसरी रांग आहे, फक्त ती वशिल्याची नाही. ती रहिवाशांची आहे. आणि ही गोष्ट ठाण्यातल्या पालकांना समजावून सांगणं इतकं सोपं आहे की तुम्ही ती का सांगत नाही, हेच मला कळत नाही. डोमिसाइल! मुलाच्या डोमिसाइलसाठी तहसील कार्यालयाच्या चकरा मारल्या नाहीत असं घर दाखवा. सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा महाराष्ट्रातल्या मुलांना, हे आम्हाला पाठ आहे. मग तिथल्या राज्याच्या पैशावर उभं असलेलं विद्यापीठ आपल्या राज्याच्या मुलांना आधी घेणार, यात नवल कसलं?

ज्यांना लोकल जवळची आहे त्यांच्यासाठी सांगते. सकाळची ठाण्याहून सुटणारी गाडी आठवा. ठाण्याच्या फलाटावर चढणाऱ्या बाईला बऱ्यापैकी बसायला मिळतं. मुलुंडला चढणारी उभी राहते आणि "कुठे उतरणार?" विचारत आत सरकते. विक्रोळीची दारात. आता तुम्ही डब्यात बसलेल्या बायका मोजल्या, एकूण चढलेल्यांनी भागलं आणि विक्रोळीच्या बाईला म्हणालात, "या गाडीत बसायला मिळायचा चान्स चाळीस टक्के आहे," तर ती तुम्हाला काय म्हणेल ते मी पत्रात लिहू शकत नाही. आमची भाची विक्रोळीला उभी होती. मुलुंडच्या काही जणी उलट्या ठाण्याला येऊन जागा पकडतात, तशी सोयही तिथे नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेलं मूल चार वर्षं तिथे राहिलं, तरी फी आणि प्रवेशाच्या हिशेबात सहसा रहिवासी धरलं जात नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचं चॅपेल हिलचं विद्यापीठ बघा. १९८६ पासून तिथे पहिल्या वर्षात राज्याबाहेरची मुलं १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. राज्यातल्या मुलांचा दर चाळीसच्या आसपास, बाहेरच्यांचा दहाच्या खाली-वर. यांची सरासरी काढून जो आकडा येतो, तो दोघांपैकी कुणाचाच नसतो. टेक्सासमध्ये १९९७ पासून कायदा आहे : आपल्या शाळेत वरच्या ठरावीक टक्क्यांत आलेल्या टेक्सासच्या मुलाला राज्याच्या विद्यापीठात थेट प्रवेश. ऑस्टिनला नव्वद टक्के जागा टेक्सासच्या मुलांना, आणि त्यातल्या तीन चतुर्थांश अशा थेट प्रवेशानं भरतात. उरलेल्या जागांत अख्खी अमेरिका आणि मग आपण. कॅलिफोर्नियातही बर्कली, यूसीएलए यांच्या बाहेरच्या मुलांवर मर्यादा आहे आणि २०२१ पासून राज्य सरकार ती १८ टक्क्यांकडे खाली आणायला लावतं आहे.

त्यात शाखा. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा एकूण दर चाळिशीच्या पुढे-मागे असतो. तुमच्या रंगांत तो हिरवा. तिथेच कम्प्युटर सायन्सला बाहेरच्या अर्जदारांतली शंभरात दोन-तीन मुलं घेतात. हार्वर्डइतकं किंवा त्याहून कठीण, आणि ओळ हिरवी! इलिनॉयच्या अर्बाना-शँपेनलाही एकूण दर चाळीसच्या आसपास आणि कम्प्युटर सायन्सचा एक आकडी. आपल्याकडे कुणी 'आयआयटी मुंबईचा कट-ऑफ' असा एकच विचारला तर आपण हसून विचारतो, कुठली ब्रँच? २०२४ साली तिथल्या कम्प्युटर सायन्सला खुल्या गटाची शेवटची रँक ६८ होती. इतर बऱ्याच शाखांच्या रँका हजारांत होत्या. हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. अमेरिकेचं नाव आलं की ते हाड कुठे जातं?

उलटही असतं, तेही सांगितलं पाहिजे. सगळीच सरकारी विद्यापीठं बाहेरच्याला दारात उभं करत नाहीत. २००८ च्या मंदीनंतर राज्यांचे पैसे आटले तेव्हा कित्येकांनी जास्त फी देणारी बाहेरची मुलं मुद्दाम शोधली. अलाबामा विद्यापीठात तर निम्म्याहून जास्त मुलं राज्याबाहेरची. म्हणजे एका सरकारी विद्यापीठात बाहेरचा असणं अडचणीचं, दुसऱ्यात फायद्याचं. एका रकान्यात हे मावणार कसं?

मग सरकारी आणि खासगी यांत कोण 'जास्त निवडक', असं विचाराल तर प्रश्नच मला फारसा कामाचा वाटत नाही. कोण कशावरून निवडतं, हे विचारण्यासारखं आहे, आणि त्यात माझा कल लपवत नाही. बर्कली-यूसीएलएला शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत, आई-बाप तिथे शिकले का हे बघत नाहीत, आणि सॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेचे गुण तर निवडीत बघतच नाहीत. आठ प्रश्नांतल्या चारांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं द्यायची आणि कॅलिफोर्नियाच्या या सरकारी विद्यापीठाच्या नऊ कॅम्पससाठी एकच अर्ज. (तुमच्या यादीत या कॅम्पससमोरही 'सॅट अ‍ॅव्हरेज' लिहिला होता. आणि भाचीच्या सॅटच्या क्लासचं बिल दादाकडे अजून आहे.) २०२३ च्या जुलैमध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. सॅटचे गुण सारखे असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुनी खासगी विद्यापीठं) आणि त्यांच्या जोडीच्या खासगी विद्यापीठांत मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात. राज्यांच्या मुख्य सरकारी विद्यापीठांत असा झुकाव त्यांना दिसला नाही. टक्क्यांपेक्षा हा मोठा फरक आहे. सरकारी म्हणजे धुतल्या तांदळासारखं, असं मात्र म्हणवत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं की चार कॅम्पसनी मिळून ६४ मुलं ओळखी-देणग्यांवर आत घेतली होती, त्यातली ४२ बर्कलीची. पण लेखापरीक्षक तिथे जाऊन कपाट उघडू शकले, कारण कपाट सरकारी होतं. हार्वर्डचं कपाट उघडायला खटला लागला.

आता पैसा. इथे आपल्या माणसांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो आणि तुम्ही तो चुकू देता. 'सरकारी आहे, स्वस्त पडेल.' बर्कली-यूसीएलएला बाहेरच्या नव्या विद्यार्थ्यावर २०२५-२६ मध्ये नेहमीच्या फीच्या वर ३७ हजार डॉलरहून जास्त अधिभार आहे. राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो आणि परदेशी मुलाला गरज बघून मदत जवळपास मिळत नाही. आणि ज्या हार्वर्डच्या ओळीसमोर तुम्ही सगळ्यात मोठी फी लिहिली होती, ते परदेशी मुलांचाही अर्ज घरची ऐपत न बघता वाचतं. येल, प्रिन्स्टन, एमआयटीही तसंच करतात. मार्च २०२५ मध्ये हार्वर्डनं जाहीर केलं की वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना काहीच भरावं लागणार नाही. १ लाख डॉलर म्हणजे ऐंशी लाखांच्या वर. ठाणे स्टेशनवर सकाळी उतरणाऱ्या-चढणाऱ्यांत एवढं वार्षिक उत्पन्न असलेली किती घरं असतील? म्हणजे महाग म्हणून सोडलं ते, लागलं असतं तर, फुकट होतं, आणि स्वस्त म्हणून धरलं ते लागलं असतं तर मानपाड्याचा फ्लॅट विकावा लागला असता. हिरव्यातलं गेलं ते एका अर्थी बरंच झालं, असं मी दादाला म्हटलं. त्याला ते आवडलं नाही.

पालकांचीही चूक आहे, मान्य. आम्हाला एक आकडा हवा असतो. सोसायटीच्या ग्रुपवर 'अभिनंदन'च्या रांगेत तो आकडा फिरतो : अमक्याची मुलगी नऊ टक्केवालीत लागली. दहावीचे टक्के विचारून सवय झालेल्या लोकांना टक्क्याशिवाय आनंदही मोजता येत नाही. पण आम्ही मागितलं म्हणून तुम्ही द्यावं, हे डॉक्टरनं पेशंटच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक लिहून देण्यासारखं झालं. फी तुम्ही घेता. काही विद्यापीठं एजंटांना विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, तेही असो. ते घेत असाल तर यादीत त्या नावापुढे खूण करा, एवढंच.

तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली की वर बघते. क्लासवाल्यांच्या फलकांवर मुलांचे पासपोर्ट फोटो, खाली रँक. एकच मुलगा दोन क्लासांच्या फलकांवर मी स्वतः पाहिला आहे, दोन वेगळ्या शर्टांत. आता त्यांच्या शेजारी तुमचे फलक आले आहेत : अमुक मुलं अमेरिकेतल्या टॉप ५० मध्ये. अंश आहे. छेद कुठे आहे? किती मुलं तुमच्याकडे आली, किती अर्ज गेले, किती लागले? विद्यापीठांचे दर तुम्ही दशांश चिन्हासकट सांगता, मग तुमचा स्वतःचा का नाही?

माझी मागणी मोठी नाही. यादी करा, रंग द्या, पण रकाने वाढवा. परदेशी अर्जदारांचा दर, त्या शाखेचा दर, कुठल्या फेरीतला दर, आणि परदेशी मुलाला मदत मिळते की नाही. ही माहिती गुप्त नाही. अमेरिकेतली बहुतेक मोठी विद्यापीठं दर वर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं पत्रक प्रसिद्ध करतात. त्याचा 'सी' विभाग प्रवेशाचा आहे, त्यात अर्ज किती, बोलावले किती, आले किती हे असतं. कॅलिफोर्नियाची विद्यापीठं तर राज्यातले, राज्याबाहेरचे, परदेशी असे आकडे वेगवेगळे देतात. जिथे आकडा मिळत नाही तिथे खाना रिकामा सोडा. रिकामा खाना पालकाला घाबरवत नाही. चुकीच्या हिरव्यानं जे झालं, ते आम्ही पहाटे साडेचारला पाहिलं.

भाची ऑगस्टमध्ये जाते आहे, त्या पिवळ्यातल्या खासगीत. निम्मी फी माफ झाली, उरलेल्यासाठी कर्ज. मे महिन्यात सुट्टीत बसून तिनं तुमच्या यादीला सहा रकाने जोडले. चौदा ओळींतले एकोणीस खाने अजून रिकामे आहेत आणि त्यांत तिनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली आहेत, प्रिंट काढून, कारण आत्याला स्क्रीनवर वाचायला त्रास होतो. रंग काढून टाकलेत. तिच्या मागच्या बॅचच्या तीन मुली ती फाइल मागून घेऊन गेल्या, त्यातल्या दोघी तुमच्याकडेच नाव नोंदवणार आहेत. त्या फाइल घेऊन येतील तेव्हा रिकाम्या खान्यांवरून तुम्हाला विचारतील. तुमच्यापैकी कुणाला आधीच बघायची असेल तर मी दुपारी चारनंतर घरी असते. चहा माझ्याकडून.

आपली,
मानपाड्याच्या मुलीची आत्या
(निवृत्त शिक्षिका, संख्याशास्त्र)